आधी पन्हळ, मग भांडे

कुंभकोणमहून कारैक्कालकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिरुनीलक्कुडी हे लहानसे गाव आहे. गावाची ओळख म्हणजे तिथले नीलकंठेश्वराचे देऊळ. सातव्या शतकातले शैव संतकवी अप्पर यांनी ज्या क्षेत्रांवर पदे रचली, त्यांत या देवळाची गणना होते. हलाहल प्यायलेल्या शंकराच्या अंगाचा दाह शमावा म्हणून इथे त्याला तेलाचा अभिषेक करतात. लिंगावर कितीही तेल ओतले तरी ते आतच मुरते, खाली उतरत नाही, असे भाविक सांगतात.

श्रद्धेची गोष्ट श्रद्धेच्या जागी. पाणी मात्र कुठल्याच शिवमंदिरात मुरत नाही. त्याला वाट काढून द्यावी लागते. ही वाट शाळुंकेच्या टोकापासून सुरू होते, गाभाऱ्याच्या जमिनीवरून उत्तरेकडे जाते आणि भिंतीतून बाहेर काढलेल्या गोमुखातून किंवा मकरमुखातून खाली पडते. महाराष्ट्रात शंकराला सोमसूत्री प्रदक्षिणा घालतात ती याच पन्हळीपाशी थांबून मागे फिरते. तमिळ देवळांत तर या पन्हळीजवळच चंडिकेश्वराचे छोटे देऊळ असते, त्यामुळे ती हुडकावी लागत नाही.

या पन्हळीची रचना नीट पाहण्याजोगी आहे. शाळुंकेचा ओठ, गाभाऱ्याची जमीन आणि भिंतीतले छिद्र या तीन जागा एका रेषेत हव्यात आणि प्रत्येक पुढची जागा मागच्या जागेपेक्षा थोडी खाली हवी. भिंत उभी राहिल्यावर ही पन्हळ खुपसता येत नाही. ती जोत्याच्या थरातला एक दगड असते आणि त्या थराचे काम चालू असतानाच बसवावी लागते. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर इ. स. १०१० च्या सुमारास पुरे झाले. एवढे प्रचंड विमान उभे करणाऱ्या स्थपतींनाही पाण्याची वाट जोत्यातच ठरवावी लागली.

आता आजच्या घरातले वॉश बेसिन घ्या. इथे क्रम उलटा होतो. आधी दुकानात जाऊन बेसिन पसंत केले जाते, मग आरसा, मग नळ. पाणी कुठून आणि किती उंचीवरून बाहेर जाणार, हा प्रश्न सगळ्यात शेवटी निघतो. तोवर भिंतीतला पाइप केव्हाच गाडला गेलेला असतो आणि त्यावर टाइलही बसलेली असते. प्लंबर बेसिनखाली वाकतो तेव्हा दिसते ते असे: बेसिनचे तोंड इकडे, भिंतीतला पाइप तिकडे. कधी दोन बोटे डावीकडे, कधी वीतभर वर, कधी भिंतीतून तिरपा डोकावणारा. या दोन टोकांची गाठ घालणे हे प्लंबिंगमधले सर्वांत दुर्लक्षित काम आहे. ते चुकल्याची शिक्षा घर वर्षानुवर्षे भोगते: वास, ठिबक, फुगलेले लाकडी कपाट, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छताला आलेली ओल.

बेसिनखाली नुसती नळी नसते, तिथे एक यंत्र असते. त्यात हलणारा भाग एकही नाही, वीज लागत नाही, तरी ते अहोरात्र काम करते. त्याचे नाव ट्रॅप. नळी खाली जाते, वळून वर येते आणि मग आडवी होते. त्या वळणात थोडे पाणी कायम अडकून राहते. सांडपाणी पुढे ढकलले जाते, पण गटारातली हवा या पाण्याला ओलांडून घरात येऊ शकत नाही. अडकलेल्या पाण्याची उंची, म्हणजे वॉटर सील, किमान ५० मिलिमीटर असावी असा आपल्याकडचा दंडक आहे. जेमतेम दोन इंच पाणी घर आणि गटार यांच्यामध्ये उभे असते.

हे वळण पेटंटमध्ये आले ते लंडनमध्ये काम करणाऱ्या अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीमुळे. १७७५ मध्ये त्याने शौचकूपाच्या आपल्या पेटंटात एस आकाराची नळी दाखवली. अडीचशे वर्षांत पदार्थ बदलले, शिसे जाऊन पितळ आणि पितळ जाऊन प्लास्टिक आले, पण तत्त्व तसूभरही हललेले नाही. ग्रामीण भागात पाणी ओतून वापरायचे जे संडास बांधले गेले, त्यांच्या भांड्याखालीही हेच वळण असते. तिथे पाणी कमी, म्हणून सील सुमारे २० मिलिमीटरचे ठेवतात आणि दीड-दोन लिटर पाण्यात काम भागते.

ही दोन इंच पाण्याची राखण निकामी झाली तर काय होते, ते २००३ मध्ये हाँगकाँगने पाहिले. सार्सच्या साथीत अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत तीनशेहून अधिक लोकांना लागण झाली आणि चाळिसांवर माणसे दगावली. तपासात बोट गेले ते न्हाणीघराच्या जमिनीतल्या ट्रॅपकडे. रहिवासी फरशी पाण्याने धूत नव्हते, ओल्या फडक्याने पुसत होते. त्यामुळे ट्रॅपमधले पाणी वाळून गेले होते. वर एक्झॉस्ट पंखा लावला की मैल्याच्या उभ्या पाइपातली दूषित हवा आणि तुषार त्या कोरड्या वाटेने घरात ओढले जात. पाइप फुटला नव्हता, तुंबलाही नव्हता. वळणात पाणी नव्हते एवढेच.

म्हणून बेसिनखालचे दोन पाइप एका रेषेत आणायचे ते केवळ गळती थांबावी म्हणून नाही. जोड असा हवा, की ट्रॅप सरळ उभा राहील, त्यात पाणी टिकेल आणि पुढचा आडवा पाइप भिंतीकडे जाताना किंचित उतरत जाईल. गवंडी याला ढाळ म्हणतात. मीटरमागे सुमारे दोन सेंटीमीटर ढाळ पुरतो. बेसिनपासून भिंत वीस-पंचवीस सेंटीमीटरवर असते, म्हणजे तिथे ढाळ जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरचा, दीड सूत. एवढासा दिसतो म्हणूनच तो विसरला जातो.

पाइप जागेवर का येत नाहीत, याची कारणे बहुतेक वेळा बांधकामाच्या क्रमातच असतात. भिंतीतला पाइप बसवताना जमीन कच्ची असते. नंतर कोबा आणि टाइल मिळून जमीन सहा-सात सेंटीमीटर वर येते. प्लंबरने पाइप मोजला जुन्या जमिनीपासून, बेसिन टांगले नव्या जमिनीपासून, आणि तेवढा फरक दोघांच्या मध्ये उरला. कधी चर भरताना सिमेंटच्या दाबाने पाइप तिरपा होतो आणि सिमेंट वाळल्यावर तसाच राहतो. कधी आरसा खिडकीशी जुळावा म्हणून बेसिन बाजूला सरकते. अलीकडचे मोठे कारण म्हणजे बेसिनची बदललेली ठेवण. भिंतीवर टांगलेले जुने बेसिन काढून त्या जागी ओट्यावर ठेवायचे टेबल-टॉप बेसिन येते. त्याची उंची वेगळी, त्याच्या छिद्राचे भिंतीपासूनचे अंतर वेगळे, पण भिंतीतला पाइप मात्र पहिल्या बेसिनच्या मापाचा.

इथे कारागिराची परीक्षा सुरू होते आणि पहिला प्रश्न कुठला ट्रॅप निवडायचा हा असतो. आपल्याकडे दोन प्रकार सर्रास मिळतात. एक पी-ट्रॅप, यू आकाराच्या वळणाचा. दुसरा बॉटल ट्रॅप, ज्यात उभी नळी एका बाटलीसारख्या कपात उतरते आणि कपाच्या बाजूने पाणी बाहेर पडते. बॉटल ट्रॅप दिसायला सुबक, जागा कमी घेणारा, आणि तळाची वाटी उघडून अंगठी किंवा कानातला डूल काढता येतो. म्हणून दुकानात तोच पुढे केला जातो. पण वाकड्या पाइपाशी जमवून घेण्याच्या बाबतीत दोघांचे गुण वेगळे आहेत, आणि ही गोष्ट गिऱ्हाइकाला सहसा कोणी सांगत नाही.

पी-ट्रॅपला दोन ठिकाणी फिरता येते. यू-वळण बेसिनच्या उभ्या नळीभोवती फिरते आणि पुढचा कोपरा त्या वळणाच्या दुसऱ्या तोंडावर फिरतो. खांदा आणि कोपर मिळून हात जसा हव्या त्या जागी पोचतो तसे. भिंतीतले छिद्र डावीकडे असेल तर यू डावीकडे वळवायचा आणि कोपरा पुन्हा भिंतीसमोर सरळ करायचा. यूच्या दोन तोंडांमध्ये जेवढे अंतर, जास्तीत जास्त तेवढे बाजूला सरकता येते. एकही जादा तुकडा लागत नाही. बॉटल ट्रॅपला मात्र हे जमत नाही. त्याची बाजूची नळी कपाच्या मध्यापासून निघते. कप फिरवला तर नळी छिद्राच्या दिशेने वळेल, पण भिंतीत तिरपी शिरेल आणि रबराचा वॉशर एका अंगाने सैल राहील. बॉटल ट्रॅप उंचीतला फरक उत्तम सांभाळतो, कारण त्याची उभी नळी कपात वर-खाली सरकते. बाजूचा फरक असेल तर पी-ट्रॅप, उंचीचा असेल तर बॉटल ट्रॅप: दुकानाच्या दारात एवढे आठवले तरी अर्धे काम होते.

उंचीचा प्रश्न जास्त अवघड. त्यातही छिद्र खाली असणे आणि वर असणे यांत फार फरक आहे. छिद्र खाली असेल तर बेसिनची उभी नळी एक तुकडा जोडून लांबवायची आणि ट्रॅपच खाली न्यायचा. बेसिनपासून ट्रॅपपर्यंतची उभी उडी ६० सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावी, एवढे पथ्य पाळायचे. चूक होते ती उलट बाजूने. ट्रॅप वरच ठेवून त्याच्या पुढे पाइप एकदम खाली सोडला जातो. मग पी आकाराचा एस होतो, भरलेले बेसिन रिकामे होताना उतरणारे पाणी ट्रॅपमधले पाणीही ओढून नेते, आणि शेवटी घर्र असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे सील गेल्याची खूण. बेसिन रिकामे होताना हा आवाज येत असेल आणि न्हाणीघरात वास असेल, तर अत्तराच्या वड्या टांगण्याआधी खाली वाकून पाइपाचा आकार पाहावा.

छिद्र ट्रॅपच्या तोंडापेक्षा वर असेल तर मात्र पाणी चढवावे लागते, आणि पाणी चढत नाही. आडवा पाइप भिंतीकडे जाताना वर जातो, त्यात कायम पाणी साचते, साबणाचा लगदा आणि केस तळाशी बसतात, आणि काही महिन्यांत बेसिन हळू उतरू लागते. यावर उपाय थोडेच. उभी नळी कापून ट्रॅप शक्य तितका वर घ्यायचा. तेही पुरले नाही तर बेसिनचे ब्रॅकेट दोन-तीन सेंटीमीटर वर सरकवायचे. त्यानेही भागत नसेल तर टाइल फोडून पाइप खाली घ्यायचा. घरमालकाला हे ऐकवत नाही, पण प्रामाणिक प्लंबरने हे बोलून दाखवले पाहिजे. दोन टाइल फोडण्याचा खर्च एकदाचा असतो. चढत्या पाइपाचा त्रास रोजचा.

तिसरा प्रकार तिरप्या पाइपाचा. उंची बरोबर, जागा बरोबर, पण पाइप भिंतीतून सरळ न येता कोनात येतो. ट्रॅपचे सांधे चाकीच्या आत रबरी वॉशर दाबून बंद होतात. नळी सरळ असेल तर वॉशर चहूबाजूंनी सारखा दाबला जातो. तिरकी असेल तर एकीकडे चेपतो आणि दुसरीकडे उघडा राहतो. अशा वेळी पान्हा घेऊन चाकी आवळत बसणे हा सर्वांत मोठा घोटाळा. प्लास्टिकची चाकी हाताने घट्ट करून वर पाव फेरा एवढेच मागते. जास्त आवळली की आटे बसतात किंवा ती चिरते, आणि चीर दिसते ती महिन्याभराने. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळूनही इथे उपयोग नाही, कारण हा सांधा आट्यांनी बंद होतच नाही, वॉशरने होतो. खरा उपाय पाइपाच्या तोंडाशी असतो. भोवतीचे प्लास्टर दोन इंच खरवडून पाइप मोकळा करायचा, तिरपा भाग सरळ कापायचा आणि सोल्युशन लावून योग्य कोनाचा बेंड बसवायचा. सोल्युशन काही क्षणांत धरते, पुन्हा फिरवायला सवड देत नाही. म्हणून जाणता कारागीर आधी सगळे कोरडेच जुळवतो, प्रत्येक सांध्यावर पेन्सिलीची रेघ ओढतो, मग सुटे करतो आणि रेघेला रेघ लावून चिकटवतो. बाजूला सरकायचे असेल तर तो ९० अंशांचे दोन एल्बो टाळतो आणि ४५ अंशांचे दोन बेंड घेतो. पाणी काटकोनात अडते, तिरक्या वळणावर वाहते.

वाकड्या पाइपांवरचा सगळ्यात लोकप्रिय इलाज मात्र यांतला कुठलाच नाही. तो आहे पांढरी, सुरकुत्यांची, ताणली की लांबणारी फ्लेक्सिबल वेस्ट पाइप. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात दोरीला टांगलेली असते, किंमत किरकोळ, बसवायला पाच मिनिटे. दोन टोके कितीही दूर असोत, ती पोचते. महाराष्ट्रातल्या किती तरी फ्लॅटमध्ये हीच नळी बेसिनखालून निघून जमिनीतल्या न्हाणी ट्रॅपमध्ये सोडलेली असते. तिथे पुढे खरा ट्रॅप असल्यामुळे वासापासून बचाव होतो, एवढे तिच्या बाजूने म्हणता येईल. फक्त नळी आणि जमिनीतले छिद्र यांच्यामधली फट बंद हवी, नाहीतर झुरळांना तोच रस्ता. पण जिथे पाइप सरळ भिंतीत जातो तिथे ही नळी ट्रॅपची जागा घेऊ शकत नाही. तिच्या प्रत्येक सुरकुतीत केस, टूथपेस्ट आणि साबण साठतो. ती मध्येच झोळ खाते, दोन झोळांच्या मध्ये हवा कोंडते आणि पाणी तुंबते. काही जण तिलाच यू आकारात वाकवून दोऱ्याने बांधतात. दोरा सुटला की सील गेले. तात्पुरती सोय म्हणून ती ठीक. कायमची म्हणून ती घेऊ नये.

एम-सीलच्या लेपांचेही तेच. पितळी किंवा लोखंडी सांध्याची बारीक गळती त्याने थांबते. पण सरकत्या सांध्यावर लेप थापला की पुढच्या वेळी ट्रॅप उघडून साफ करता येत नाही, कापूनच काढावा लागतो. बेसिनखालचा प्रत्येक सांधा हाताने उघडता आला पाहिजे, ही या कामातली मूळ अट आहे.

आणखी एक बारकावा, जो दुकानदारालाही अनेकदा विचारून घ्यावा लागतो. बेसिनच्या छिद्रात बसते ते कपलिंग दोन तऱ्हांचे मिळते, फुल थ्रेड आणि हाफ थ्रेड. बेसिनला वरच्या अंगाला ओव्हरफ्लोचे छिद्र असेल तर हाफ थ्रेड घ्यावे, कारण त्याच्या अंगाला असलेल्या खिडकीतून ओव्हरफ्लोचे पाणी नळीत उतरते. तिथे फुल थ्रेड बसवले तर ओव्हरफ्लोची वाट आतून बंद होते. पाइप कितीही सरळ असले तरी नळ चालू राहिला की पाणी काठावरून जमिनीवर येते.

सुटे भाग आट्यांनी जोडून एक सरळ वस्तू उभी करायची ही कला तिरुनीलक्कुडीच्या परिसराला परकी नाही. कुंभकोणमजवळचे नाचियारकोविल पितळी समयांसाठी प्रसिद्ध आहे आणि त्या समयांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिथली मोठी समई अखंड ओतत नाहीत. बैठक, खांब, तेलाचे तबक आणि वरचा कळस वेगळे ओततात, तासून गुळगुळीत करतात आणि एकमेकांवर बसवतात. चारही भागांचा आस एक आला नाही तर तबक कलते आणि तेल एका वातीकडे जमते. समईचा दोष सगळ्यांना दिसतो, म्हणून तो कारागीर सोडत नाही. बेसिनखालचा दोष कपाटाच्या दारामागे राहतो.

कावेरीच्या या मुलखात निचऱ्याचा प्रश्न घरापुरता कधीच नव्हता. कुंभकोणम कावेरी आणि अरसलार यांच्या मध्ये वसले आहे. जमीन सपाट, माती चिकण, पावसाळ्यात भूजल वर. भातशेतीत पाणी आणणारे पाट जितके महत्त्वाचे, तितकेच जादा पाणी काढून नेणारे. जुन्या अग्रहारातली घरे अरुंद आणि लांबलचक. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, मध्ये उघडा चौक, विहीर आणि धुण्याची जागा मागच्या अंगाला. अशा घरात पुढच्या खोलीजवळ नवे न्हाणीघर काढले तर सांडपाण्याला मागे जायला २५ मीटर धावावे लागते. मीटरमागे दोन सेंटीमीटर धरले तरी ५० सेंटीमीटर ढाळ हवा. एवढा ढाळ फरशीखाली मिळत नसेल तर पाइप वाटेत कुठेतरी आडवा होतो, आणि बेसिनखालचे सांधे कितीही नेटके असले तरी पाणी मागे फिरते. इथे बेसिनची जागा दिवाणखान्याच्या शोभेवरून ठरवता येत नाही, मागच्या गटाराच्या पातळीवरून ठरवावी लागते.

हा हिशेब मराठी राज्यकर्त्यांना चांगला ठाऊक होता. १६७६ मध्ये व्यंकोजींनी तंजावरात भोसल्यांची गादी स्थापली आणि १८५५ पर्यंत ती टिकली. त्या गादीवरच्या दुसऱ्या सरफोजींचे नाव सरस्वती महाल ग्रंथालयामुळे सर्वांना माहीत आहे. तंजावर शहरासाठी पाण्याच्या टाक्या, विहिरी आणि जमिनीखालची गटारे हेही त्यांच्याच कारकिर्दीचे काम म्हणून नोंदले गेले आहे. ग्रंथालय पाहायला लोक लांबून येतात; गटारांबद्दल कोणी विचारत नाही. सरफोजींच्या मोठेपणात या कामाचा वाटा ग्रंथालयाइतकाच धरायला हवा.

पाइपात हवेलाही वाट लागते, हे महाराष्ट्रातल्या कारागिरांनी त्याआधीच बांधून दाखवले होते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने पुण्यात आणले, तेव्हा वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले. त्यांतून हवा मोकळी होई, दाब आवरे आणि गाळ बसे. औरंगाबादला मलिक अंबरच्या नहरीवर आणि पाणचक्कीच्या खापरी नळांवर उभे केलेले मनोरेही याच कामाचे. आजच्या इमारतीत गच्चीवर उघडा सोडलेला व्हेंट पाइप तेच करतो. वरच्या मजल्यावरून एकदम पाणी सुटले तर खालच्या घरांतल्या ट्रॅपमधले पाणी ओढले जाऊ नये म्हणून तो असतो. तो कावळ्याच्या घरट्याने किंवा पत्र्याच्या शेडने बंद झाला तर बेसिनखालचे बिनचूक काम फुकट जाते.

पाणी आणण्याचा उत्साह आणि ते नेण्याचा आळस हा मोठ्या शहरांचाही इतिहास आहे. विहार तलावाचे पाणी मुंबईला १८६० मध्ये मिळाले. घराघरांत नळ आले, पण एवढे पाणी वाहून नेणारी भुयारी गटारे तेव्हा शहरात नव्हती. ती बांधायला पुढची कित्येक दशके गेली.

बेसिनमधून उतरलेले पाणी शेवटी रस्त्याखालच्या मॅनहोलमध्ये जाते, आणि तिथे तुंबले तर पूर्वी माणूस उतरवत. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करायला लावण्यावर आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्यावर बंदी आणली. केरळमधल्या तरुण अभियंत्यांच्या जेनरोबोटिक्स या कंपनीने मॅनहोल साफ करणारा बँडिकूट नावाचा रोबो तयार केला. तमिळनाडूत तो पहिल्यांदा कामाला लावणाऱ्या शहरांत कुंभकोणम होते, साल २०१८. यंत्राचे पाय मॅनहोलच्या तोंडाशी रोवायचे, हात आत सोडायचा आणि वर पडद्यावर पाहत गाळ काढायचा. माणसाला गटारात उतरावे लागू नये यासाठी केलेल्या या खटाटोपाचे मोल फार मोठे आहे. बेसिनच्या जाळीवर अडकलेले केस उचलून कचऱ्यात टाकणे हा त्याच कामातला घरचा वाटा.

काम झाले की ते तपासायचे कसे, तेही सांगायला हवे. नळाची बारीक धार सोडून पाहणे म्हणजे तपासणी नव्हे. छिद्र बंद करून बेसिन काठोकाठ भरावे आणि एकदम मोकळे सोडावे. सांध्यांवर पुरा भार तेव्हाच येतो. मग प्रत्येक चाकीभोवती कोरडा वर्तमानपत्राचा कागद फिरवावा. डोळ्यांना न दिसणारी ओल कागदावर डाग पाडते. शेवटी घर्र आवाज येतो का ते ऐकावे. ट्रॅप लावल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा कागद फिरवावा, कारण नवा वॉशर रात्रभरात थोडा बसतो. बरेच दिवस घर बंद ठेवून परतल्यावर प्रत्येक बेसिनमध्ये आणि जमिनीतल्या प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतावे, म्हणजे वाळलेले सील पुन्हा भरते.

न्हाणीघर नव्याने करणाऱ्या वाचकांना एक विनंती. बेसिन आधी विकत घ्या, पण लावू नका. त्याच्या खोक्यातला मापांचा कागद गवंडी आणि प्लंबर दोघांच्या हाती द्या. टाइल बसल्यावर जमीन कुठे येईल त्या पातळीची रेघ भिंतीवर मारून घ्या आणि सांडपाण्याच्या छिद्राची उंची त्या रेघेपासून मोजा. काठ ८० ते ८५ सेंटीमीटरवर असलेल्या साध्या बेसिनला ती साधारण ४५ ते ५५ सेंटीमीटर लागते, तरी अखेरचा शब्द मापाच्या कागदाचा. पाइपाचा मध्य बेसिनच्या मध्याशी ओळंब्याने जुळवा. चर बुजवण्याआधी पट्टी धरून भिंतीचा फोटो काढा आणि तो घराच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या वेळी बेसिन बदलेल तेव्हा प्लंबरला सगळ्यात आधी तो फोटो दाखवा.